पीठ कडू, माळवं काळं, भात चिकट: घरात तेच तेच अन्न वाया जात असेल तर

आठवडी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या येतात, चौथ्या दिवशी त्यातली एक काळी चिकट होऊन जाते आणि पुढच्या बाजारी पुन्हा दोनच जुड्या येतात. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीठ महिन्याचं एकदम दळून आणलं जातं आणि शेवटच्या आठ दिवसांचं कडवट निघतं. रात्रीचा वाटीभर भात सकाळी तार धरतो. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही घरात बघा, वाया जाणारे जिन्नस पाच-सातच असतात आणि वर्षभर तेच असतात. काय टाकलं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, ते कशानं नासलं हे मात्र कुणी बघत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात तेच घडतं.

गावाकडं यावर एक उत्तर तयार असतं: "वाया कुठं गेलं, म्हशीला घातलं की!" त्या म्हशीबद्दल शेवटी बोलायचंच आहे, कारण ते वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. साली, देठ, हाडं असा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला आहे. पाच माणसांच्या घराला हा हिशेब पावणेतीनशे किलोवर जातो. पण देशाचा आकडा आपल्या घराला लागू पडेलच असं नाही, म्हणून आधी आपल्या घरचा आकडा काढायचा.

सात दिवसांची वही

ओट्याजवळ एक वही आणि पेन ठेवा. घरातून जे अन्न बाहेर पडतं, मग ते कचऱ्यात जावो, गोठ्यात जावो की मोरीत, ते त्याच वेळी लिहायचं. जिन्नस, अंदाजे वजन किंवा किती वाट्या, आणि ते दिसायला, वासाला, हाताला कसं होतं, एवढंच. जत्रेचा किंवा पाव्हण्यांचा आठवडा यासाठी धरू नका, त्यानं हिशेब फिरतो.

आठवडा संपला की प्रत्येक नोंदीसमोर चारांपैकी एक शब्द लिहा: उरलं, कुजलं, खवटलं, किडलं. शब्द साधे आहेत, पण चारींची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. उरलं म्हणजे अंदाज चुकला. कुजलं, काळं पडलं, चिकट झालं म्हणजे कुठून तरी पाणी किंवा ऊब लागली. खवटलं म्हणजे जिनसातल्या तेलाला हवा लागली. किडलं म्हणजे दाणा पुरता वाळला नव्हता किंवा अंडी घेऊनच घरात आला.

गफलत बहुतेक पहिल्या दोन शब्दांत होते. रात्रीचा भात सकाळी आंबला तर आपण फ्रीजला दोष देतो. पण रोज वाटी-दीड वाटी भात उरतच असेल तर तो आधी "उरलं" या खात्यातला आहे. तिथं फ्रीज बदलून उपयोग नाही, माप बदलायला हवं.

पीठ कडू लागतं, भाकरी थापताना मोडते

शाळूच्या दाण्याच्या टोकाशी अंकुर असतो आणि अंकुरात तेल असतं. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल आत बंद असतं, म्हणून शाळू वर्षभर टिकतो. दळला की तेल पिठभर पसरतं, त्याला हवा लागते आणि ते खवटायला लागतं. बाजरीत हे सगळ्यात लवकर होतं. बाजरीचं पीठ आठ दिवसांत संपवावं, शाळूचं पंधरा दिवसांत. पावसाळ्यात आणि एप्रिल-मे महिन्यात यापेक्षाही कमी धरा.

आता हिशेब करू. एका भाकरीला ९० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. घरात दिवसाला आठ भाकऱ्या होत असतील तर पाऊण किलोच्या आसपास पीठ, म्हणजे आठवड्याला साडेपाच किलो. अशा घरानं वीस किलोचं दळप एकदम टाकलं तर शेवटचं पीठ पंचवीस दिवसांचं होणार आणि कडू लागणार. दळप सहा किलोचंच टाका. थोडं दळप दिलं की गिरणीत आधीच्या माणसाचं पीठ त्यात येतं ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एकच: आधीचं दळप गव्हाचं नाही ना हे बघून, कुणाच्या तरी शाळूमागं आपला नंबर लावायचा.

गिरणीतून पीठ गरम येतं. ते तसंच डब्यात ओतून झाकण लावलं की तासाभरात झाकणाच्या आतून घाम धरतो, तो थेंब पिठात पडतो आणि तिथं गोळी होते. ही गोळी आंबते आणि तिच्या वासानं डबाभर पीठ जातं. म्हणून पीठ परातीत किंवा स्वच्छ फडक्यावर पसरून दोन-तीन तास निवू द्या, मगच भरा. जुन्या पिठावर नवं ओतू नका. तळाशी राहिलेलं चार ओंजळी जुनं पीठ आधी काढून वापरा, डबा कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

पीठ कडू नाही पण भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते, तर पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेली आहे. असं पीठ टाकायचं नाही. शाळूत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, तो गरम पाण्यानं आणता येतो. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा. हे आधण पिठावर ओता, उलथण्यानं हलवा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि हाताला सोसेल एवढं गरम असतानाच मळा. पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. एका वेळी दोन भाकऱ्यांपुरतंच मळा, गार झालेला गोळा पुन्हा फाटतो. खरोखर कडू झालेल्या पिठाला मात्र उपाय नाही. थालीपिठात तिखट-मीठ घालून ते लपवलं तरी खवटलेलं तेल पोटातच जातं.

शेंगदाण्याच्या कुटाचंही असंच. बाहेर ठेवलेला कूट आठ-दहा दिवस, फ्रीजमध्ये महिनाभर. दाणे भाजून अख्खे ठेवा आणि लागेल तसा कूट करा. दाण्यावर हिरवट-काळी बुरशी दिसली, दाणा सुरकुतलेला आणि कडू लागला तर तो नुसता बेचव झालेला नसतो. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्यानं जात नाही. असे दाणे निवडून टाका, त्यात हयगय नको.

शाळूत सोंडे, डाळीत भुंगे

सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. अळी आतच वाढते, महिनाभरानं किडा बाहेर पडतो. म्हणून धान्य भरताना स्वच्छ दिसतं आणि पाच-सहा आठवड्यांनी एकाएकी किडलेलं वाटतं. कीड बाहेरून आली असं समजून आपण कोठीला दोष देतो, पण ती बहुतेक वेळा धान्यासोबतच आलेली असते.

किडीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर चालायची. जमिनीत खोल खड्डा, आत माल, तोंड पक्कं बंद. आतली हवा संपली की किडीला जगता येत नाही. २००५ च्या महापुरानं तिथल्या पुष्कळ पेवांचं नुकसान केलं. घरातली पत्र्याची कोठी गच्च भरली आणि झाकण घट्ट बसलं तर ती लहान पेवासारखंच काम करते. अर्धी रिकामी कोठी हे काम करत नाही. म्हणून दोन पोती मावणारी एक कोठी घेण्यापेक्षा पोतं-पोतं मावणाऱ्या दोन बऱ्या. एक संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही.

भरण्याआधी ऊन. शाळू आणि गहू दोन बोटं जाडीचा थर करून कडक उन्हात दोन दिवस, मधून मधून पाय फिरवून किंवा फावड्यानं खालीवर करून. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला किंवा चेपला तर अजून एक दिवस. वाळलं की रात्रभर निवू द्या. तापलेलं धान्य कोठीत गेलं की आत घाम धरतो आणि दोन दिवसांचं ऊन फुकट जातं. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि भाताचा चुरा होतो. त्याला सावलीतली वाऱ्याची जागा पुरते.

इथं गाव कोणतं हे फार महत्त्वाचं आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडं पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत वर्षभराचं धान्य कोठीत बिनघोर राहतं. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात तीच कोठी ऑगस्टपर्यंत दमट होते. तिथं पावसाळ्यात कोठी उघडायचीच नाही असं ठरवून, जून ते सप्टेंबरचं धान्य मे महिन्यातच लहान डब्यांत काढून ठेवणं बरं. कोठी भिंतीला लावू नका, वीतभर जागा सोडा, आणि खाली लाकडी फळी घाला. फरशीची ओल आणि गारवा तळाला लागतो आणि तळाचा थर आधी जातो.

कडधान्याला आणि डाळीला तेल चोळा. किलोला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर गोडेतेल किंवा एरंडेल, प्रत्येक दाण्याला लागेल असं हातानं चोळायचं. भुंग्याचं अंडं दाण्याच्या वर असतं, तेलानं त्याचा श्वास कोंडतो. रवा, मैदा, पोहे थोडेच असतील तर पिशवी बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण साध्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत खडखडीत वाळलेलाच. हिरवा पाला धान्यात ओल सोडतो. आणि नुसत्या पाल्याच्या भरवशावर न वाळलेलं धान्य ठेवू नका.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शेतीमालाच्या गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून निघणारा वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. पारा असलेल्या गोळ्याही खायच्या धान्यात नकोत. सोंडे लागलेलं धान्य थोडं असेल तर चाळून, ऊन देऊन, लगेच दळून संपवता येतं. दाण्यांचा भुगा झाला असेल, वास येत असेल, तर ते खाण्यातून गेलं.

माळवं चार दिवसांत जातं

मेथीची जुडी आणल्यावर सुतळी सोडून तिच्याखाली बघा. पहिलं काळं पान तिथंच सापडेल. बाजारात जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून पाणी मारलेलं असतं, सुतळीनं पानं दाबली जातात आणि दाबलेल्या ओल्या पानात कुजणं सुरू होतं. तीच जुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये गेली की तीन दिवसांत लगदा. घरी आल्याबरोबर सुतळी सोडा, अर्धा तास सावलीत सुती कापडावर पसरा, खराब पानं काढा. आत्ता धुवायचं नाही, भाजी करायच्या वेळीच धुवायचं. मग कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. दोन दिवसांनी फडकं दमट लागलं तर बदला. अशी मेथी पाच-सहा दिवस चालते. कोथिंबिरीचंही असंच, फक्त मुळं कापून. हिरव्या मिरचीचे देठ काढून, पुसून, डब्यात तळाशी फडकं घालून ठेवा. मिरची नेहमी देठाकडून सडते. लिंबं उघडी ठेवली की दगड होतात, पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये ठेवली की तीन-चार आठवडे रसरशीत राहतात.

पिकणारी फळं, म्हणजे केळी, आंबे, पेरू, पिकलेले टोमॅटो, एथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या शेजारी पालेभाजी ठेवली की ती पिवळी पडते. फळांची दुरडी वेगळी, भाजीची वेगळी. कांदा-बटाटा एका बुट्टीत नको. बटाट्याच्या ओलीनं कांद्याला कोंब येतात. कांदा जाळीत, वाऱ्यावर. बटाटा अंधारात, पण फ्रीजमध्ये नाही. हिरवा पडलेला, कडू बटाटा खाऊ नका. काकडी आणि वांगं फार गार जागी ठेवलं की अंगावर खड्डे पडतात आणि आतून पाणी सुटतं, ती फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणली तर खाण्याच्या वेळीच धुवा, देठ तोवर राहू द्या, एका थरात पसरून ठेवा. तोडल्यावर ती पिकत नाही, फक्त नासते, म्हणून कच्ची घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

दोडक्याच्या शिरा, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरची दांडी हे वाया जाणारं नाहीच. शिरांची चटणी तव्यावर तीळ आणि लसूण घालून खरपूस भाजली की भाकरीबरोबर तेवढी पुरते, आणि काड्या आमटीच्या वाटणात जातात.

शिजवलेलं उरतं आणि नासतं

आधी माप. भाकरी-कालवणानंतर शेवटी थोडा भात खाणाऱ्या घरात माणशी ४० ते ५० ग्रॅम तांदूळ पुरतात. जेवण भातावरच असेल तर ९० ते १००. आमटीला माणशी ३० ते ३५ ग्रॅम डाळ. घडीच्या चपात्या किलोभर पिठात साधारण पंचवीस होतात. तांदळाच्या डब्यात एकच वाटी कायम ठेवा, ती एकदा तोलून घ्या आणि तिच्यावर मार्करनं ग्रॅम लिहा. रोज हाताला येईल त्या भांड्यानं तांदूळ काढणं हे भात उरण्याचं सगळ्यात मोठं कारण. "पाव्हणं आलं तर" म्हणून रोज दोन माणसांचा जादा भात लावण्यापेक्षा अर्धा किलो पोहे आणि दोन वाट्या रवा कायम घरात असू द्या. पाव्हणे उपाशी जात नाहीत आणि भात रोज उरत नाही.

भात चिकट होतो त्यामागं बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. पातेल्यातला भात बाहेरून गार वाटला तरी मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि त्या उबेत ते वाढून विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळं "सकाळी दणकून फोडणी दिली की झालं" हा समज सोडा. जेवणं झाली की उरलेला भात पातेल्यातून काढून ताटात बोटभर जाडीचा पसरा, पंधरा-वीस मिनिटांत निवतो, मग झाकून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात एका तासात. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच, आतपर्यंत वाफ येईल असा गरम करून संपवा. तार धरलेला, आंबूस वासाचा भात कुणालाच घालू नका.

भाकरी-चपाती गरमागरम स्टीलच्या डब्यात कोंडली की तिचाच घाम तिला लागतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवे ठिपके दिसतात. बुट्टीत फडकं घालून निवू द्या, मग झाका. शिळ्या भाकरीला दही-ताक आहे, चपातीला कुस्करा आहे, हे इथं कुणाला शिकवायला नको. पण एक करून बघा: दोन-तीन भाकऱ्या उरल्या तर त्याच रात्री मंद तव्यावर दाबून दाबून पूर्ण कोरड्या, कडक करा. ओल गेली की त्या आठवडाभर टिकतात आणि आमटीत कुस्करून लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ पडलेल्या भाकरीवर हे साधत नाही.

दूध फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार ही सगळ्यात उबदार जागा. आत तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. पाण्याचा पेला आत ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात थर्मामीटर बुडवून बघा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर ढिला झाला आहे. फ्रीज इतका ठासून भरू नका की मागची हवेची भोकं बुजतील. वीज गेली की दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. आणि डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक ताटली ठेवा, "आधी हे". अर्धा चिरलेला कांदा, कालची आमटी, शेवटची दोन वांगी तिच्यात. मागं गेलेली वाटी विसरली जाते, फ्रीजमधलं बरंचसं नासणं तेवढ्यानंच होतं.

बरणीतली चटणी खराब होते

वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, म्हणजे आपल्याकडची चटणी, नासली तर पैशापेक्षा मेहनत जास्त जाते. तीन-चार किलोची बरणी श्रावणात उघडावी आणि वर पांढरी बुरशी दिसावी, याचं मूळ एप्रिल-मेमध्ये असतं आणि बहुतेक वेळा ते कांद्यात असतं. कांदा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग तळा. तळलेला कांदा पूर्ण गार झाल्यावर चिमटीत धरून दाबा. चुरा झाला पाहिजे. वाकला, चिमटीला चिकटला, तर आत पाणी आहे, पुन्हा मंद आचेवर घ्या. गरम असताना ही परीक्षा करू नका, गरम कांदा कधीच चुरत नाही आणि अंदाज चुकतो. ओली कोथिंबीर घालणाऱ्यांनी तीही सावलीत खडखडीत वाळवून तळावी. मिरची हातात घेऊन हलवली की बिया वाजल्या पाहिजेत.

डंकावरून, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावरून, मसाला गरम येतो. पिठाचाच नियम इथं: परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून रात्रभर निवू द्या. बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात ठेवलेली हवी. मसाला हातानं दाबून दाबून भरा, मध्ये हवेची पोकळी नको. वर हिंगाचे खडे ठेवा आणि तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधा. रोजच्या वापराला पाव-अर्धा किलोची लहान बरणी वेगळी, मोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही पाऊस उघडलेल्या दिवशी, कोरड्या चमच्यानं. आमटीच्या पातेल्यावर बरणी धरून चटणी घालण्याची सवय मोडा, वाफ सरळ बरणीत जाते.

चटणी खवट लागत असेल पण बुरशी नसेल, तर दोष खोबऱ्याचा. जुनं, पिवळट खोबरं कितीही भाजलं तरी दोन महिन्यांत वास देतं. ज्यांच्याकडं हे दरवर्षी होतं त्यांनी मोठ्या बरणीत खोबरं घालूच नये, लहान बरणी भरताना तेवढ्यापुरतं भाजून मिसळावं. नुसते गोळे झाले असतील, वास चांगला असेल, तर मोडून मंद कढईत कोरडे करून घ्या. बुरशी आली असेल तर वरचा थर काढून खालची चटणी वापरू नका. धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

कराडच्या बाजारातून आणलेली गुळाची ढेप पावसाळ्यात पाघळते ती हवेतलं पाणी ओढून घेते म्हणून. मे अखेर फोडून लहान डब्यांत गच्च भरा, एका वेळी एकच डबा उघडा.

"म्हशीला घातलं"

रोजची एखाद-दुसरी भाकरी, भाजीचे देठ, मटाराची टरफलं जनावराला चालतात. धोका असतो जत्रेनंतर, लग्नानंतर, जेव्हा घमेलंभर भात किंवा चपात्या एकदम पुढं टाकल्या जातात. म्हशीच्या पोटात वैरण पचवणारे जिवाणू असतात. एकदम एवढा स्टार्च आला की तो झपाट्यानं आंबतो, पोटात आम्ल वाढतं. जनावर वैरण सोडतं, रवंथ थांबतं, पोट फुगतं, शेण पातळ आणि आंबट वासाचं होतं. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता जनावरांचा डॉक्टर बोलवा, कारण यात जनावर दगावतं. बुरशी आलेली भाकरी आणि किडून वास मारणारं धान्य तर जनावरालाही नकोच. बुरशीचं विष दुधातूनही उतरतं. जास्तीचं अन्न चांगलं असेल तर ते गरम असतानाच, पहिल्या तासाभरात माणसांकडं पोचवायची सोय जेवणाआधीच करून ठेवा. आणि आचाऱ्याला पाचशेचा अंदाज देताना शेवटचे शंभर माणसांचे तांदूळ वेगळे काढून ठेवायला सांगा, पंगती बघून मग शिजवता येतात.

जे खरंच खाण्याजोगं नाही त्याचं खत करा. पन्नास लिटरचा जुना प्लास्टिकचा पिंप घ्या, बाजूला आणि तळाला बोट जाईल एवढी वीस-पंचवीस भोकं पाडा, खाली दोन विटा ठेवा. तळाला चार बोटं उसाचं पाचट घाला, पण बोटाच्या पेराएवढं तोडून, लांब पाचट वर्षभर तसंच राहतं. एक डबा ओला कचरा टाकला की वर दोन डबे पाचट किंवा वाळका पाला. तीन दिवसांनी काठीनं खालीवर करा. मूठभर उचलून पिळा: हात ओला झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये. घाण वास आला तर ओल जास्त झाली आहे, पाचट वाढवा आणि दोन दिवस झाकण तिरपं ठेवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं आहे, तांब्याभर पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या तर ओला कचरा उघडा राहतो आहे, वर चार बोटं पाचटाचा थर द्या. तेलकट कालवण आणि हाडं यात घालू नका. उन्हाळ्यात अडीच-तीन महिन्यांत, पावसाळ्यात चारेक महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत खालून निघायला लागतं.